बिल विदर्स यांचे 'आय काण्ट राइट लेफ्ट-हॅन्डेड': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे गाणे कोणाचे आणि कधीचे?

'आय काण्ट राइट लेफ्ट-हॅन्डेड', म्हणजे 'मला डाव्या हाताने लिहिता येत नाही', हे बिल विदर्स यांचे गाणे आहे. ते सोल, म्हणजे चर्चमधल्या गायनाच्या वळणाच्या कृष्णवर्णीय अमेरिकन लोकसंगीताचे गायक. त्यांनी आणि त्यांचे पियानोवादक रे जॅक्सन यांनी मिळून ते रचले. ६ ऑक्टोबर १९७२ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या मैफलीत ते ध्वनिमुद्रित झाले आणि एप्रिल १९७३ मध्ये ससेक्स रेकॉर्ड्सने काढलेल्या 'लाइव्ह ॲट कार्नेगी हॉल' या दोन तबकड्यांच्या संचातून बाहेर आले. व्हिएतनाममध्ये उजव्या खांद्याला गोळी लागलेला एक तरुण सैनिक दुसऱ्या कोणाकडून आईला पत्र लिहून घेतो आहे, एवढाच त्याचा विषय आहे.

बिल विदर्स हे नाव ऐकल्यासारखे वाटते, पण नक्की आठवत नाही. ते कोण?

नाव आठवले नाही तरी आवाज बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. 'एन्ट नो सनशाइन', 'लीन ऑन मी', 'लव्हली डे' आणि ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर यांच्या सॅक्सोफोनसह गायलेले 'जस्ट द टू ऑफ अस' ही त्यांची गाणी आजही जाहिरातींतून आणि लग्नसमारंभांतून वाजत असतात. त्यांचा जन्म ४ जुलै १९३८ रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील स्लॅब फोर्क या कोळसा खाणींच्या वस्तीत झाला. सहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील लवकर गेले आणि आई व आजी यांच्या छत्राखाली ते वाढले. लहानपणापासून ते अडखळत बोलत आणि हा दोष प्रौढ वयापर्यंत त्यांच्या मागे होता. नौदलात नऊ वर्षे काढल्यानंतर १९६७ मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले आणि विमानांसाठी शौचकूप बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागले. १९७१ साली 'जस्ट ॲज आय ॲम' हा त्यांचा पहिला संग्रह निघाला तेव्हाही ती नोकरी त्यांनी सोडलेली नव्हती. त्याच्या वेष्टनावर ते कारखान्याच्या दारात हातात जेवणाचा डबा घेऊन उभे आहेत. १९८५ नंतर त्यांनी नवा संग्रह काढला नाही. ३० मार्च २०२० रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

गाण्यात नेमके काय घडते?

घडत काहीच नाही, आणि गाण्याची सारी ताकद यातच आहे. सैनिक प्रथम सांगतो की आपल्याला डाव्या हाताने लिहिता येत नाही, तेव्हा माझ्या आईला एक पत्र लिहून द्याल का. उजव्या हाताचे काय झाले, हे तो या क्षणी सांगतही नाही. मग तो मजकूर सांगू लागतो, आणि कोणत्याही घरगुती पत्राप्रमाणे त्यात कामे असतात. पहिले काम असे की आईने कुटुंबाच्या वकिलाला गाठावे आणि धाकट्या भावाला लष्करभरतीतून तहकुबी मिळते का ते पाहावे. दुसरे असे की रेव्हरंड हॅरिस यांना माझ्यासाठी प्रार्थना करायला सांगावे, कारण मी आता फार जगेन असे मला वाटत नाही. कामांचा हा क्रमही पाहण्यासारखा आहे, कारण स्वतःच्या मरणाची गोष्ट भावाच्या कामानंतर येते.

इतके सांगून झाल्यावर मग गोळीचा उल्लेख येतो. आपण ज्याला कधी पाहिले नव्हते आणि ज्याचे कधी काही वाकडे केले नव्हते अशा एका अनोळखी, ठेंगण्या माणसाने आपल्या खांद्यात गोळी घातली, असे तो सांगतो. आणि हे सांगत असताना, वाक्याच्या मध्येच, त्या माणसाविषयी 'बिचारा' अशा अर्थाचा शब्द त्याच्या तोंडून निघून जातो. पुढच्या कडव्यात तो प्रशिक्षण तळावरच्या दिवसांकडे वळतो. तिथे रोज लढाईचेच धडे होते आणि आपल्यालाही ते सारे रोमांचक वाटत होते, हे तो प्रांजळपणे कबूल करतो. मात्र गोळ्या आपल्याकडून पलीकडे जात असतात तेव्हाच त्या बऱ्या दिसतात, आपल्या अंगावर येताना नव्हे, एवढी एक गोष्ट शिकवणारे सांगायला विसरले. कडव्यातला हा विनोद आहे, आणि तो हसवतोही, पण हसू पुरते फुटण्याआधीच ऐकणाऱ्याला आठवते की बोलणारा माणूस खाटेवर पडलेला आहे.

ही कथा खरी आहे का?

पत्र काल्पनिक आहे, पण त्यामागचा माणूस खरा आहे. गाण्याआधी पियानोच्या संथ सुरांवर विदर्स काही मिनिटे बोलतात, आणि त्यात ते सांगतात की नुकताच परतलेला, उजवा हात नसलेला एक तरुण आपल्याला भेटला होता. कसे काय चालले आहे असे विचारल्यावर तो म्हणाला की आता ठीक आहे, पण त्या वेळी आपण मरणार असेच वाटले होते. समोरून गोळ्या झाडल्या जात होत्या त्याचे काही वाटले नाही. गोळी लागली तेव्हा मात्र हादरलो, असेही तो म्हणाला. मग आपण स्वतःला त्याच्या जागी ठेवून पाहिले, असे विदर्स सांगतात, आणि बोलण्यातून गाणे कधी सुरू झाले ते कळतही नाही.

इथे एक बारकावा आहे. भेटलेल्या तरुणाचा हात गेलेला होता. गाण्यातल्या सैनिकाच्या फक्त खांद्याला गोळी लागली आहे. म्हणजे विदर्स यांनी त्या तरुणाच्या आयुष्यात मागे जाऊन, हात वाचेल की नाही आणि आपण तरी वाचू की नाही हे ठाऊक नसलेली घटका निवडली. भेटलेला माणूस जगला होता. गाण्यातला जगतो की नाही, हे कोणी सांगत नाही.

सुरुवातीचे बोलणे त्या मैफलीतलेच आहे का?

सगळे असू शकत नाही, आणि ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. निवेदनाच्या अगदी सुरुवातीला विदर्स म्हणतात की हे गाणे आम्ही ६ ऑक्टोबरला ध्वनिमुद्रित केले आणि त्यानंतर युद्ध संपल्याचे जाहीर झाले आहे. ६ ऑक्टोबरच्या रात्री रंगमंचावर उभा असलेला माणूस हे वाक्य बोलूच शकत नाही. पॅरिसचा शांतता करार २७ जानेवारी १९७३ रोजी झाला. तेव्हा हे शब्द त्या तारखेनंतर आणि संग्रह बाजारात येण्याआधी, मधल्या काही आठवड्यांत, मुद्रित करून जोडलेले असले पाहिजेत.

या जोडणीने गाण्याचा अर्थ थोडा बदलतो. मैफलीतल्या श्रोत्यांसाठी ते चालू युद्धाचे गाणे होते, तर तबकडी विकत घेणाऱ्यांसाठी संपलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या युद्धाचे. त्याच २७ जानेवारीला अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी सक्तीची भरती थांबवत असल्याचेही जाहीर केले होते. ज्या भावासाठी आईला वकिलाकडे धाडायचे आहे तो भाऊ, तबकडी दुकानात पोहोचेपर्यंत, त्या फेऱ्यातून सुटलेला होता. पत्र उशिरा पोहोचते ते असे.

धाकट्या भावासाठी वकील कशाला लागतो?

त्या काळच्या भरतीची रीत माहीत नसेल तर ही ओळ नुसतीच ओलांडली जाते. अमेरिकेत १८ वर्षे पूर्ण झालेल्या तरुणाला नोंदणी करावी लागे आणि त्याला बोलावायचे की नाही हे स्थानिक भरतीमंडळ ठरवी. अशी सुमारे ४,००० मंडळे देशभर होती. शिक्षण, शारीरिक दोष, कुटुंबाची हलाखी अशा कारणांवरून बोलावणे पुढे ढकलता येई किंवा टळूही शकत असे, पण त्यासाठी अर्ज, दाखले, अपील आणि ते सारे नीट मांडू शकणारा कोणीतरी हवा असे. सुस्थितीतल्या घरातला मुलगा महाविद्यालयात नाव घालून सुटे. खाणकामगाराच्या किंवा शेतमजुराच्या मुलाला त्या वाटा सहसा माहीतही नसत. १९६६ च्या सुमारास या मंडळांच्या सदस्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास होते. १ डिसेंबर १९६९ पासून जन्मतारखांची सोडत काढून क्रम लावण्याची पद्धत आली, त्यामुळे ठिकाणोठिकाणची मनमानी काहीशी कमी झाली, पण तहकुबीचे दरवाजे पैसा आणि माहिती असणाऱ्यांसाठीच अधिक उघडे राहिले.

तेव्हा सैनिक आईला वकिलाकडे पाठवतो ती हुशारी त्याला उशिरा सुचलेली आहे. त्याच्या स्वतःच्या वेळी कोणी वकिलाकडे गेले नव्हते. विदर्स निवेदनात ज्या मुलांविषयी बोलतात ती अशीच आहेत: कायदा पाळणारी, राजकारण किंवा सरकार यांविषयी काहीही कल्पना नसलेली, जा म्हटले की प्रश्न न विचारता जाणारी. आपणही तरुणपणी तसेच होतो, असे ते सांगतात.

विदर्स स्वतः व्हिएतनाममध्ये लढले होते का?

नाही. ते विशीही गाठण्याआधी नौदलात गेले आणि १९६५ मध्ये बाहेर पडले. अमेरिकेच्या लढाऊ पायदळ तुकड्या व्हिएतनाममधल्या दा नांगच्या किनाऱ्यावर उतरल्या त्या त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. म्हणजे युद्धाने पेट घेतला तेव्हा त्यांची सेवा संपत आली होती. तरीही गणवेशातल्या तरुणाची भाषा, त्याचा आज्ञाधारकपणा आणि बराकीतला विनोद त्यांना आतून माहीत होता, आणि तो या गाण्यात ऐकू येतो.

सरकारविरुद्ध एक शब्दही नाही. मग याला युद्धविरोधी गाणे का म्हणायचे?

प्रश्न रास्त आहे. गाण्यात ना राष्ट्राध्यक्षांचे नाव आहे, ना मोर्चा, ना 'थांबवा' अशी मागणी. युद्धांवर आणि सरकारांवर पुष्कळ लोक गाणी लिहितात, पण आपल्याला त्या कोवळ्या मुलांची आठवण येते, असे विदर्स प्रारंभीच सांगून टाकतात. युद्धाचे वर्णनही ते कोणत्याही युद्धासारखीच एक भली मोठी कटकट, इतक्याच शब्दांत उरकतात.

माझ्या मते विरोध दोन ठिकाणी आहे. एक, सैनिकाला आपल्या शत्रूचा राग येत नाही. ज्याला ठार मारायला त्याला हजारो मैल दूर पाठवले, त्या माणसाशी आपले भांडण कधी नव्हतेच, हे त्याला गोळी लागल्यावर उमगते आणि तो ते तक्रारीच्या नव्हे तर नवलाच्या सुरात सांगतो. दोन, मरतानाही त्याची धडपड एकच आहे: भाऊ इथे येऊ नये. युद्धावरचा अविश्वास याहून स्पष्ट कसा सांगणार? घोषणा नाकारता येते, कारण ती मत मांडते. वकिलाकडे जा असा आईला धाडलेला निरोप नाकारता येत नाही.

'वॉर' आणि 'व्हॉट्स गोइंग ऑन' यांच्याशी तुलना करता येईल का?

येईल, आणि केल्यावर तिन्हींचा स्वभाव कळतो. एडविन स्टार यांचे 'वॉर' १९७० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. ते मोटाउन कंपनीच्या नॉर्मन व्हिटफिल्ड आणि बॅरेट स्ट्रॉन्ग यांनी लिहिलेले, आणि प्रश्नोत्तरी आरोळीच्या बळावर उभे असलेले गाणे आहे. ते गर्दीने म्हणायचे आहे. मार्विन गे यांचा १९७१ चा 'व्हॉट्स गोइंग ऑन' हा संग्रह व्हिएतनामहून परतलेले त्यांचे भाऊ फ्रँकी यांच्या अनुभवांतून स्फुरला, आणि त्यात परतलेला सैनिक आपल्या बदललेल्या शहराकडे पाहतो. त्याच वर्षी फ्रीडा पेन यांनी 'ब्रिंग द बॉइज होम' गाऊन मुलांना घरी आणण्याची सरळ मागणी केली. विदर्स यांचा सैनिक मात्र परतलेलाच नाही. तो अजून तिथेच आहे, त्याच्याभोवती गर्दी नाही, आणि पत्र लिहून घेणारा एक अनामिक माणूस सोडला तर त्याचे बोलणे ऐकायलाही कोणी नाही. तो लिहून घेणारा कोण, हे गाण्यात येत नाही. ऐकणाऱ्याला हळूहळू जाणवते की ती जागा आपलीच आहे.

इतके चांगले गाणे दुर्लक्षित का राहिले?

पहिली अडचण त्याच्या ठिकाणाची. विदर्स यांच्या एकाही स्टुडिओ संग्रहात हे गाणे नाही. ते फक्त मैफलीच्या संचात, दुसऱ्या तबकडीवर आहे. निवेदनासह ते साडेसहा मिनिटांहून लांब जाते, आणि त्यातला मोठा भाग नुसते बोलणे आहे, तेव्हा तीन मिनिटांच्या गाण्यांवर चालणाऱ्या रेडिओला त्याचा उपयोग नव्हता. दुसरी अडचण वेळेची, जी वर आलीच आहे: करार झाल्यानंतर तीन महिन्यांनी युद्धाची आठवण विकत घ्यायला फारसे कोणी उत्सुक नव्हते. ५८,००० हून अधिक अमेरिकन सैनिक आणि त्याच्या कितीतरी पटींनी व्हिएतनामी माणसे गमावलेल्या त्या युद्धाविषयी देशाला गप्प बसायचे होते.

पण सर्वांत मोठी अडचण विदर्स स्वतःच होते, असे मला वाटते. त्या १९७२ च्या जुलैत 'लीन ऑन मी' पहिल्या क्रमांकावर होते आणि मैफलीच्या सुमारास 'यूज मी' वरच्या क्रमांकांकडे चालले होते. अशा धीर देणाऱ्या, गुणगुणाव्याशा वाटणाऱ्या गाण्यांच्या धन्याकडून लोक युद्धाची अपेक्षा करत नव्हते. पुढे १९७५ मध्ये ससेक्स कंपनी बुडाली, आणि नंतरच्या कोलंबिया कंपनीच्या काळात त्यांची ओळख 'लव्हली डे' सारख्या गाण्यांभोवतीच पक्की झाली.

संगीताच्या अंगाने काय ऐकावे?

प्रथम पियानो. रे जॅक्सन यांचे स्वर चर्चमधल्या प्रार्थनेच्या वळणाचे आहेत आणि निवेदनाच्या खाली ते इतके शांतपणे चालू राहतात की बोलणे कीर्तनातल्या निरूपणासारखे गाण्याच्या अंगात मुरते. (लहानपणी एकेक शब्दाशी झगडलेला माणूस इथे इतका अघळपघळ बोलतो, याचे मला दर वेळी नवल वाटते.) मग ताल. जेम्स गॅडसन हे सोल आणि फंक संगीतातले अत्यंत मानाचे ड्रमवादक आहेत, आणि याच मैफलीतल्या 'यूज मी' मध्ये ते काय करू शकतात हे ऐकायला मिळते. इथे मात्र ते जवळजवळ काहीच करत नाहीत आणि ते 'काहीच नाही' अतिशय काटेकोरपणे करतात. मेल्विन डनलॅप यांचा बेस, बेनॉर्स ब्लॅकमन यांची गिटार आणि बॉबी हॉल यांची तालवाद्येही तशीच मागे राहतात. विदर्स यांचा आवाज कुठेही रडत नाही. ताना किंवा आर्त किंकाळी हे सोल गायकांचे हुकमी साधन, पण ते इथे त्यांनी हातातही घेतलेले नाही.

मराठीत हे गाणे कसे समजावून सांगता येईल?

शीर्षकाचे भाषांतर 'मी डावखुरा नाही' असे कोणी केले तर घात होईल, कारण ती नुसती माहिती ठरते. 'मला डाव्या हाताने लिहिता येत नाही' यात अडचण आहे, थोडी लाज आहे, आणि उजव्या हाताविषयीचा न उच्चारलेला प्रश्नही आहे. शत्रूविषयीच्या 'ब्लेस हिज हार्ट' या दक्षिणी अमेरिकन उद्गाराला 'बिचारा' हा शब्द बराच जवळ जातो, कारण आपणही तो कधी कळवळ्याने तर कधी हलक्या टोमण्याने वापरतो, आणि मूळ उद्गारातही दोन्ही छटा आहेत. एका बाबतीत तर मराठी आपसूकच मदत करते. मूळ ओळीत विदर्स यांनी मारणाऱ्या माणसाचे वर्णन लांबवत नेले आहे आणि गोळी अगदी शेवटी ठेवली आहे. इंग्रजीला असे थांबून राहायला थोडे कष्ट पडतात. आपले क्रियापद मुळातच वाक्याच्या शेवटी बसलेले असते.

पुढे हे गाणे आणखी कोणी गायले का?

२००० साली ब्रिटिश डीजे फॅटबॉय स्लिम यांनी गायिका मेसी ग्रे यांच्यासह केलेल्या 'डीमन्स' या गाण्यात या ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरला, पण तिथे युद्धाचा संदर्भ उरला नाही. खरा पुनर्जन्म झाला तो २०१० मध्ये, जेव्हा गायक जॉन लेजंड आणि द रूट्स हा हिप-हॉप वाद्यवृंद यांनी 'वेक अप!' या जुन्या सोल गाण्यांच्या संग्रहात ते घेतले. इराक आणि अफगाणिस्तानातून सैनिक परतत होते तो काळ. त्यांची आवृत्ती जवळजवळ बारा मिनिटांची आहे आणि तिच्या उत्तरार्धात द रूट्सचे कर्क डग्लस यांची गिटार मोकाट सुटते. संग्रहाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि अनेक तरुण श्रोते त्याच वाटेने मूळ गाण्यापर्यंत पोहोचले. मला स्वतःला ती गिटार थोडी जास्तच वाटते. जे विदर्स यांनी दाबून ठेवले ते तिथे फोडून दाखवले आहे. मात्र ते आवडणाऱ्यांचेही म्हणणे समजण्यासारखे आहे, कारण चाळीस वर्षांनी तोच सैनिक पुन्हा खाटेवर दिसला तर कोणीतरी ओरडणारच.

ऐकायचे तर सुरुवात कुठून करावी?

सुटे गाणे ऐकण्याऐवजी 'लाइव्ह ॲट कार्नेगी हॉल' हा संचच लावावा. तो आता सर्वत्र सहज उपलब्ध आहे, आणि २०१२ मध्ये निघालेल्या विदर्स यांच्या नऊ संग्रहांच्या पेटीतही आहे. निवेदन गाळून पुढे सरकू नये. गाणे संपल्यावरही लगेच बंद करू नये, कारण क्रमाने त्याच्या पुढचेच गाणे 'लीन ऑन मी', म्हणजे 'माझा आधार घे', हे आहे. ते आपण शंभर वेळा ऐकलेले असते; या पत्रानंतर लगेच ऐकले की त्यातला भार घेणारा खांदा कोणाचा, असा प्रश्न पडतो.